हौद्यात सांगितलेले बाहेर कोणी नेले?

आधी वार सांगतो, मग माणसे.

मंगळवारी संध्याकाळी इंदरगंजच्या चौकात आमच्या तालमीतल्या एका सभासदाने एका अनोळखी माणसाच्या तोंडावर ठोसा मारला. बुधवारी पहाटे त्याने ते तालमीत सर्वांसमक्ष सांगितले. बुधवारीच दुपारी त्या सांगण्याची चित्रफीत, निम्मी कापून, तालमीच्या मोबाइलवरील गटात पडली आणि तिथून शहरभर गेली. शुक्रवारी तो जिथे नोकरी करतो त्या पॅथॉलॉजी लॅबने त्याला घरी बसवले. रविवारी तालमीच्या कार्यकारिणीने त्याचे नाव पटावरून काढले.

आता जबाबदार कोण ते. पहिले, चित्रण करणारे आणि ते कापणारे चिटणीस. दुसरे, ती चित्रफीत पाहून गटात अंगठा उंचावणारे, आणि त्याच आठवड्यात त्याच माणसाला काढून टाकण्याच्या ठरावावर सही करणारे अध्यक्ष. तिसरे, कार्यकारिणीचे ते सर्व सदस्य जे त्या सभेत चहा पिऊन, मान डोलावून घरी गेले. लॅबच्या व्यवस्थापकाला मी यांत धरत नाही. का, ते पुढे येईल. ठोसा मारणाऱ्याला धरतो, पण त्या ठोशापुरतेच, आणि ते प्रकरण त्याने दुसऱ्याच दिवशी स्वतः जाऊन मिटवलेले आहे.

या तालमीत मी कॉलेजात असल्यापासून जातो. टोपी बाजाराच्या मागे, दोन गोदामांच्या मधल्या बोळातून आत गेले की तिचे दार लागते. आमचे लोक दख्खनेतून फौजेबरोबर इकडे उत्तरेत, हिंदी मुलखात आले. पुढे फौज राहिली नाही, तेव्हा कोणी पोलिसात गेले, कोणी रेल्वेत, आणि मी एका सरकारी खात्याच्या विधी शाखेत कारकून म्हणून लागलो. तिथूनच अधीक्षक होऊन निवृत्त झालो. पहाटे माती आणि दिवसा मसुदे, असे नोकरीचे सगळे आयुष्य गेले. लाठी मला बरी आली, पट्टा जेमतेम आला, आणि कुस्तीत मी शेवटपर्यंत दुसऱ्याच्या सरावाला उपयोगी पडणारा गडी राहिलो. तशा गड्याचीही तालमीला गरज असते.

नोकरी करून तालीम कशी साधली, असे लोक तेव्हा विचारत आणि आताही विचारतात. त्याचे श्रेय आमच्या वस्तादांचे. ते स्वतः कापड गिरणीत पाळीवर काम केलेले गृहस्थ होते, त्यामुळे भोंगा चुकला की काय होते हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नसे. इतर आखाड्यांत ज्येष्ठ मंडळी आधी निघतात आणि नवखे मागे राहून झाडलोट करतात. आमच्याकडे ज्याची कामावरची हजेरी आधी, त्याची सुट्टी आधी. नाव घालायला येणाऱ्याला वस्ताद वजन विचारत नसत, कामावर कधी पोहोचायचे ते विचारत. डेअरीत काम करणारा सर्वांत नवा गडी सर्वांच्या आधी निघे. मग गिरणीवाले, मग शाळामास्तर, मग आम्ही कचेरीतले. ज्यांची दुकाने उशिरा उघडत ते टोपी बाजारातले व्यापारी शेवटी राहत आणि फावड्याने हौदा उकरत. हौदा म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा. ती माती रोज उकरली नाही तर दगडासारखी बसते आणि पडणाऱ्याचे खांदे फुटतात. बाजारातले एक वजनदार घाऊक व्यापारी फावडे मारताना रोज कुरकुरत.

"वस्ताद, हा परवा आलेला पोरगा पाय धुऊन निघाला, आणि मी अजून माती उकरतोय."

"शेठ, त्याचा साहेब आठला खुर्चीत बसतो. तुमचा साहेब कोण?"

"मीच."

"मग तुमच्या साहेबांना कळवा, आज उशीर होईल."

कचेरीत मात्र माझ्या तालमीचे कौतुक नव्हते. माझे पहिले अधिकारी मी मसुदा पुढे ठेवला की मसुद्याआधी माझी नखे पाहत. नखांत लाल माती असे, ती कितीही घासली तरी जात नसे. एका वर्षी त्यांनी माझ्या गोपनीय अहवालात शेरा मारला की कर्मचाऱ्याचे लक्ष कामापेक्षा व्यायामाकडे अधिक आहे. प्रतिकूल शेऱ्याविरुद्ध निवेदन देण्याचा मला हक्क होता. तो मी बजावला. निवेदनात एकच विचारणा होती: कोणत्या दिवशी आणि कोणत्या कामात? उत्तर आले नाही. मी स्मरणपत्र पाठवले. त्याचेही उत्तर आले नाही, तेव्हा स्मरणपत्राचे स्मरणपत्र पाठवले आणि प्रत वरच्या कार्यालयाला दिली. शेवटी शेरा रद्द झाला. त्या दिवशी साहेबांनी मला व्हरांड्यात गाठले.

"आपसे तो कुश्ती लड़ लेता, सस्ते में छूटता," ते म्हणाले. पुढे आमचे चांगले जमले. मसुद्यातले कलम अडले की तेच मला हाक मारू लागले.

रस्त्यावरच्या मारामारीविषयी माझे मत त्याच काळात पक्के झाले, आणि ते पुस्तक वाचून झालेले नाही. मी सायकलवरून कचेरीला निघालो होतो. इंदरगंजच्या वळणावर एक टेम्पो अंगावर आला. मी थांबून चालकाला वाहन नीट चालवण्यास सांगितले. तो खाली उतरला, माझी कॉलर धरली, एक थप्पड मारली आणि परत जाऊन बसला. माझे हात त्या काळी चांगले चालत. मी सायकल स्टँडवर लावली, टेम्पोचा क्रमांक टिपून घेतला आणि ठाण्यात गेलो.

तिथल्या हवालदारांनी माझ्या मानेकडे आणि खांद्यांकडे पाहिले. "पहलवानी करते हो?"

"अखाड़े जाता हूँ."

"तो दो हाथ वहीं जमा देते. यहाँ क्या करने आए?"

"रिपोर्ट लिखवाने."

"थप्पड़ की?"

"जी, थप्पड़ की."

त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने हाक दिली, "अरे सुनो भाई, पहलवान पिट के आए हैं, रिपोर्ट लिखाएँगे." आतून दोघे केवळ मला पाहण्यासाठी बाहेर आले. मी उभा राहिलो. ते हसून दमले, तेव्हा त्यांनी लिहून घेतले. कचेरीत ही गोष्ट माझ्या आधी पोहोचली होती आणि पुढे कित्येक महिने मला 'रिपोर्ट पहलवान' हे नाव पडले. मला राग आला नाही असे मी म्हणणार नाही. जेवताना घास तोंडाशी नेला तरी हात शिवशिवत होते. दुसऱ्या दिवशी वस्तादांना सांगितले.

"तुला मारता आलं असतं?" त्यांनी विचारले.

"आलं असतं."

"त्याला ते ठाऊक होतं?"

"नाही."

"बरं मग. दोघांतल्या एकाला ठाऊक असलं की पुरे."

कायदा याहून कोरड्या शब्दांत बोलतो, पण वेगळे काही सांगत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क धोक्याबरोबर सुरू होतो आणि धोका टळताच संपतो. थप्पड मारून जो पाठ फिरवून गेला त्याला मागून मारणे हे संरक्षण नव्हे. शिवी हा हल्ला नव्हे, मग ती कोणावरूनही दिलेली असो. ज्याने हात वापरायला शिकून घेतले आहे त्याच्याकडून तर न्यायालय जास्तच संयम अपेक्षिते, आणि ते रास्त आहे.

आता आमच्या तालमीतल्या एका रिवाजाकडे येतो, कारण सगळे त्याच्यावरून घडले आहे. तालमीबाहेर ज्याने कोणावर हात उचलला असेल, त्याने दुसऱ्या दिवशी हौद्यात पाय ठेवण्याआधी काठावर उभे राहून ते सांगायचे. कोणाला, कुठे, आणि आधी कोणी. बाकीच्यांनी ऐकायचे, विचारायचे ते फक्त वस्तादांनी. पाप कबूल करून घेण्याचा हा प्रकार नव्हता. वस्तादांचे कारण अगदी व्यवहारी होते. ताजे भांडण अंगात घेऊन जो उतरतो, त्याची पकड सुटायच्या वेळी सुटत नाही; समोरच्याचे मनगट मुरगळते आणि मग त्याची रोजी बुडते. इथून प्रत्येक जण धड हातापायांनी कामावर गेला पाहिजे, हे त्यांचे व्रत होते. म्हणून सांगणाऱ्याला काही दिवस जोड मिळत नसे, लाठी मिळत नसे, नुसते फावडे मिळे. ज्याला मारले त्याच्या घरी किंवा दुकानी जाऊन यावे लागे. आणि काठावर ऐकलेले कोणी दाराबाहेर नेत नसे. नेल्यास उद्या कोण सांगेल?

त्या काठावर हसूही येई. एकदा एक शाळामास्तर उभे राहिले.

"वस्ताद, लग्नात मेहुण्याला एक दिली."

"आधी कोणी?"

"त्यानेच सुरुवात केली. म्हणाला, जेवण काही बरं नाही."

"जेवण कोणाकडचं होतं?"

"आमच्याकडचं."

"फावडं घ्या, मास्तर."

वस्ताद गेल्याला बराच काळ झाला. पहाटेचा वर्ग आता त्यांचे एक शिष्य घेतात; शांत माणूस, सगळे त्यांना सर म्हणतात. रिवाज त्यांनी तसाच ठेवला आहे. कारभार मात्र कार्यकारिणीकडे आहे. अध्यक्ष निवृत्त अभियंता आहेत. पहाटेची तालीम त्यांनी पाहिलेली नाही. चिटणिसांचा फ्लेक्स छापण्याचा धंदा आहे. सभासद घटले म्हणून त्यांनी संध्याकाळचा नवा वर्ग काढला आणि दारावर फ्लेक्स लावला: जळती मूठ, आणि खाली 'स्ट्रीट फाइट व सेल्फ डिफेन्स'. स्वसंरक्षण शिकवण्याला माझा विरोध नाही, मुलींना तर ते शिकवलेच पाहिजे. रस्त्यावरची मारामारी हा शब्द दारावर रंगवण्याला माझा विरोध आहे, आणि तो मी लेखी कळवला. घरी आमच्या सौभाग्यवतींनी पत्राचा मसुदा वाचून पाहिला.

"अहो, त्या फ्लेक्सवरच्या माणसाचे दंड तुमच्या मांड्यांएवढे आहेत. पत्र कशाला लिहिता? तुमचाच फोटो लावा म्हणावं, गर्दी आपोआप कमी होईल."

पत्राला उत्तर आले नाही.

आता तो सभासद. तिशी ओलांडलेला, हरिशंकरपुरममध्ये आमच्याच गल्लीत राहणारा, इंदरगंजमधल्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेणारा तंत्रज्ञ. रक्त द्यायला लोक उपाशीपोटी सकाळीच येतात, त्यामुळे हल्ली तालमीतून सर्वांत आधी तोच निघतो. पहाटे त्याच्या स्कूटरवर मागे बसून मी जातो आणि परत ई-रिक्षाने येतो. त्याची तालीमही नोकरीने बांधलेली आहे. पकडीचा व्यायाम तो फक्त सुट्टीच्या आदल्या दिवशी करतो. "काका, हात थोडा जरी थरथरला ना, तर नस सापडत नाही," असे त्याने मला एकदा सांगितले होते. लहान मुलांचे रक्त घ्यायचे असले की लॅबमध्ये त्यालाच बोलावतात. मी स्वतः त्याच्याकडून दोनदा रक्त काढवून घेतले आहे. सुई कधी गेली ते कळले नाही.

त्या बुधवारी तो तालमीत कपडे बदलून थेट काठावर गेला. सरांनी हात वर केला, सगळे थांबले. मी पुढे बाकावर बसलो होतो. चिटणीस त्या दिवशी नव्या फ्लेक्ससाठी फोटो काढायला म्हणून पहाटे आले होते आणि माझ्या मागे, दाराशी उभे होते.

"काल संध्याकाळी इंदरगंज चौकात मी एका माणसाला मारलं," तो म्हणाला. "एकच ठोसा, तोंडावर. वो गिर गया." त्याने सरांकडे पाहिले. मग म्हणाला, "माझ्या स्कूटरला त्याची गाडी घासली. त्याने आईवरून शिवी दिली. पण हात आधी मी उचलला, सर. त्याच्या ओठातून रक्त आलं. त्याला उठवलं, पाणी पाजलं. टोपी बाजारात दुकान आहे त्याचं. ड्यूटी संपली की माफी मागायला जातो. चूक माझी आहे."

"दवाखान्यात न्यावं लागलं?" सरांनी विचारले.

"नाही. ओठ फुटला आहे."

"फावडं घे."

त्याने फावडे घेतले, थोडा वेळ माती उकरली आणि आपल्या क्रमाने सर्वांच्या आधी निघून गेला. रिवाजाप्रमाणे गोष्ट तिथे संपायला हवी होती.

दुपारी माझा मोबाइल वाजला. तालमीच्या गटात चित्रफीत होती. मी एका माणसाला मारलं, एकच ठोसा, वो गिर गया; आणि तिथेच कापलेली. खाली ढोलाचे संगीत, वर ठळक अक्षरांत 'हमारे पट्ठे का एक ही वार', आणि शेवटी संध्याकाळच्या वर्गाची वेळ. हात आधी मी उचलला, हे नाही. माफी नाही. फावडे नाही. अध्यक्षांनी त्यावर अंगठा उंचावला होता. त्याच वेळी तो माणूस टोपी बाजारात, ज्याला मारले त्याच्या दुकानात बसून माफी मागत होता.

मी चिटणिसांना तत्काळ फोन केला. ते खुशीत होते.

"काका, बघितलं का? नुसता व्हायरल होऊन राहिलाय! दोन तासांत किती चौकशा आल्या माहीत आहे?"

"त्याला विचारलंत?"

"अरे, त्याचीच तर पब्लिसिटी आहे. खूशच होईल तो."

ते हे मनापासून म्हणत होते. याचाच मला अजूनही अधिक संताप येतो. दुष्ट हेतू असता तर मी तो सिद्ध करू शकलो असतो.

शुक्रवारी त्याला घरी बसवल्याचे कळले, तेव्हा शनिवारी मी लॅबमध्ये गेलो. व्यवस्थापक सज्जन निघाले. मला बसवले, पाणी दिले.

"देखिए बाबूजी, लड़का हीरा है. बच्चों की नस इसके सिवा किसी से नहीं मिलती. पर परसों एक माताजी बच्चे को गोद में लिए उठ गईं. बोलीं, ये तो वही मारने वाला है, इससे सुई नहीं लगवाऊँगी. उसके बाद दो और."

"वो माफी माँग आया है, ये आपको पता है?"

"पता है. मालिक से कहा मैंने. मालिक बोले, मारने वाला वीडियो तो सबके पास है, माफी वाला कहाँ है?" त्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली घेतला. "आपकी संस्था लिख के दे दे कि वीडियो काटा गया है, और पूरा वाला दिखा दे, तो मैं इसे वापस बिठा लूँगा. महीने के आखिर तक कुर्सी खाली रखता हूँ. उसके बाद, बाबूजी, मेरी भी नौकरी है."

म्हणून मी त्यांना जबाबदार धरत नाही. त्यांनी अट सांगितली, ती पुरी करण्याजोगी आहे, आणि ती पुरी करणे ज्यांच्या हाती आहे त्यांची पदे वर दिलेली आहेत.

तिथून मी टोपी बाजारात, मार खाल्लेल्या व्यापाऱ्यांकडे गेलो. ओठाची सूज उतरत आली होती. तालमीतून आलो आहे म्हटल्यावर ते गल्ल्यावरून उठलेच.

"सुनिए, इसने मारा, ठीक है. गाली मैंने दी थी. लड़का आया, हाथ जोड़े, मैंने चाय पिलाई, बात खत्म. फिर आप लोगों ने ढोल बजा के मुझे पूरे बाज़ार में गिरवा दिया! ये बगल वाला रोज़ शटर उठाते ही पूछता है, सेठजी, आज गिरे कि अभी बाकी है?"

शेजारच्या दुकानातून हसू आले. शेठनी तिकडे हात झटकला. "देखा? यही. लड़के की नौकरी का जो लिखवाना हो, लिखवा लो, मैं दस्तखत कर दूँगा. पर जिसने ये बनाया, उसको एक बार मेरी दुकान पे भेज दो."

रविवारी कार्यकारिणीची सभा झाली. मी आजीव सभासद आहे. बोलण्याची परवानगी लेखी मागितली होती, ती तोंडी मिळाली. मला वाटत होते की चूक दुरुस्त करण्यासाठी सभा आहे. अध्यक्षांनी आरंभीच सांगितले, "संस्थेची बदनामी होते आहे. रस्त्यावर मारामारी करणाऱ्याला आपण सभासद म्हणून ठेवू शकत नाही."

"दारावरचा फ्लेक्स काय सांगतो, साहेब?" मी विचारले.

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

चिटणीस म्हणाले, "काका, तो कॉन्सेप्ट आहे."

"आणि चित्रफीत?"

"ती तर मी डिलीट करून टाकली ना. आणि मी काय चोरून घेतली का? त्याने सगळ्यांसमोर बोलून दिलं. मोबाइल माझ्या हातात होता, शूट होऊन गेलं."

"कापलं कोणी? तेही होऊन गेलं?"

"काका, लोक तीस सेकंदांच्या वर बघत नाहीत."

"पूर्ण चित्रण तुमच्याजवळ आहे?"

"असेल कुठेतरी. बघतो."

मी सांगितले की संस्थेच्या नियमावलीत तालमीबाहेरच्या मारामारीवरून नाव काढण्याचा नियमच नाही. आहे तो रिवाज, आणि रिवाज म्हणतो की सांगणाऱ्याला फावडे द्यावे. ते त्याला दिले गेले आहे. एकाच कृत्याबद्दल बुधवारी जाहिरात आणि रविवारी हकालपट्टी, हे कोणत्याही न्यायात बसत नाही. शिवाय त्याचे म्हणणे ऐकण्यासाठी त्याला बोलावलेले नाही. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले.

"काका, तुम्ही फार कायदा करता."

"कायदा मी केलेला नाही, साहेब. मी तो फक्त वाचतो. तुम्हीही वाचू शकता, प्रत आणली आहे."

एक सदस्य हसले आणि लगेच गंभीर झाले. ठराव मंजूर झाला. सरांना मत नव्हते. ते दाराशी उभे होते, तिथूनच निघून गेले.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो मुलीचा अभ्यास घेत होता. मला पाहून उठला, खुर्ची दिली. ठराव ऐकून त्याने नुसती मान हलवली.

"काका, राहू द्या आता. मी बोललोच नसतो, तर काही झालंच नसतं."

"असं बोलू नकोस."

"खरं तर आहे. मारलं, त्याने माफ केलं. पोलीस नाही, केस नाही. सच बोल दिया, बस, तिथेच फसलो."

त्याच्या पत्नी आतून म्हणाल्या, "मग काय खोटं बोलायचं होतं?" त्याने मुलीची वही पुन्हा पुढे ओढली. आयुष्यभर उत्तरे लिहून पोट भरलेला मी, अध्यक्षांना द्यायच्या पत्राचा मसुदा जुळवत घरी आलो.

या आठवड्यात तालमीत काय झाले तेही नोंदवणे भाग आहे. विजेच्या दुकानात काम करणारा एक सभासद पहाटे आला. त्याच्या उजव्या मुठीची सालटे निघाली होती. सरांनी विचारले, "काय झालं?" त्याने आधी सभोवार पाहिले, कोणाच्या हातात मोबाइल आहे का ते. मग म्हणाला, "काही नाही सर, शटरमध्ये हात सापडला." आणि तो हौद्यात उतरला. त्याच्या जोडीला एका बँकेतला शिपाई होता. धरलेला अंगठा वेळेवर सुटला नाही. शिपाई हात काखेत दाबून कामावर गेला. सालटे कशाने निघाली हे माझ्याजवळ पुराव्यानिशी नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. पण त्याने मोबाइल कुठे आहे ते पाहिले, हे मी स्वतः पाहिले आहे.

अध्यक्षांना मी पत्र दिले. पोच मिळाली, उत्तर नाही. स्मरणपत्र दिले, या वेळी पोचही नाही. ती चित्रफीत काढून टाकल्याचे चिटणीस सांगतात, परंतु ती परवा मला माझ्याच मेहुण्यांकडून, भोपाळहून, आली. जे हजारो मोबाइलवर गेले आहे ते एका गटातून पुसून दुरुस्त होत नाही. त्याला पूर्ण चित्रणच उत्तर आहे, आणि ते चिटणिसांच्या फोनमध्ये आहे.

महिना संपत आला आहे. लॅबमधली खुर्ची अद्याप रिकामी आहे. काल फोन करून खात्री केली. दुसऱ्या एका तंत्रज्ञाची मुलाखत ठरली आहे, असेही तिकडून कळले. त्यामुळे ही विचारणा मी आता बंद लिफाफ्यात करत नाही.

अध्यक्ष महोदय, त्या बुधवारचे पूर्ण चित्रण आपल्या चिटणिसांकडे आहे की नाही? असल्यास ते आजवर कोणाच्या सांगण्यावरून दडवून ठेवले आहे? चित्रफीत सभासदाच्या संमतीवाचून घेतली आणि कापली, हे आपण आपल्या सहीने लॅबला लिहून देणार आहात की नाही? आणि त्याचे म्हणणे न ऐकता केलेला ठराव आपण रद्द करणार आहात की नाही? याचे उत्तर मला घरी येऊन, चहा घेत देऊ नये. मुलाखत होण्यापूर्वी, ज्या गटात आपण अंगठा उंचावला त्याच गटात, त्याच सर्व लोकांसमोर, आपल्या नावाने आणि पदाने द्यावे.